प्रोग्रामने आपली नोंद कुठे ठेवावी

प्रोग्राम लिहिणारा माणूस आपल्या खुर्चीतच राहतो आणि प्रोग्राम मात्र गिऱ्हाइकाच्या घरी नांदायला जातो. तिथं त्याचं बरं चाललं आहे की हाल होत आहेत, हे आम्हाला कळायला एकच साधन असतं. प्रोग्राम आपल्यापुरती एक वही ठेवतो. अमुक वाजता अमक्याने मला उघडलं, हे छापलं, ते बदललं, इथं अडलो. ही वही म्हणजे एक साधी फाइल असते आणि तिला आमच्या धंद्यात लॉग म्हणतात.

वेबसाइटवाल्यांचं त्या मानाने बरं असतं. त्यांचा प्रोग्राम त्यांच्याच सर्व्हरवर चालतो, त्यामुळे वही हाताशी असते. माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली ती टेबलावरच्या संगणकात बसवायच्या प्रोग्रामांत. कुडाळात बसून लिहायचं आणि ते चालणार मालवणात, देवगडात, कुठल्या कुठल्या शाळेत, लॉजवर, वाचनालयात. कुणाकडे विंडोज, कुणाकडे लिनक्स, एखाद्याकडे मुंबईच्या मुलाने पाठवलेला मॅक. या परक्या संगणकात आपली वही नेमकी कुठे ठेवायची, हा प्रश्न ऐकायला अगदी किरकोळ आहे. मलाही पहिली काही वर्षं तो किरकोळच वाटला. त्यापायी एका भल्या माणसाचं नाव निवृत्तीच्या तोंडावर खराब व्हायची वेळ आली, आणि त्या पापात माझा वाटा होता. म्हणून हे लिहितो आहे.

आमची कंपनी म्हणजे एमआयडीसीच्या रस्त्याला एका दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या, पाच माणसं आणि मालक सामंत. मी मसुऱ्याच्या बाजूच्या एका वाडीतला. घरी भातशेती आणि थोडी काजूची झाडं. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. त्यामुळे नोकरी लागली तेव्हा मी ती देवळात वागावं तशी केली. सामंत सांगतील ते खरं, पुस्तकात लिहिलंय ते खरं आणि गिऱ्हाईक म्हणेल ते तर खरंच खरं.

सुरुवातीला आम्ही वहीबिही ठेवतच नव्हतो. प्रोग्राम लिहिताना आमच्या पडद्यावर एक काळी खिडकी उघडी असायची आणि प्रोग्राम जे काही सांगायचं ते त्या खिडकीत सांगायचा. आम्हाला ते पुरेसं होतं. गिऱ्हाईक मात्र चित्रावर दोनदा टिचकी मारून प्रोग्राम उघडतो. त्याच्याकडे काळी खिडकी नसतेच. प्रोग्राम बिचारा बोलत असतो आणि ते वाऱ्यावर जात असतं. मग फोन यायचा.

"प्रोग्राम बंद पडलो."

"बंद पडताना काय लिहून आलं?"

"काय्येक नाय. होतो आणि नाय झालो."

यावर उपाय म्हणून मी वही डेस्कटॉपवर ठेवायला लागलो, म्हणजे संगणक चालू केल्यावर समोर दिसतो त्या पहिल्या पडद्यावर. फोनवरून सांगायला सोपं. समोर 'लॉग' नावाचा कागद दिसतोय ना, तो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. ते मालवणच्या एका काकूंनी उतरवलं.

बंदराजवळ त्यांचं घरगुती लॉज होतं. पाहुण्यांची नोंदणी करणारा आमचा प्रोग्राम त्या वापरत. तो अधूनमधून अडायचा. का अडतो ते शोधायला मी दोन महिन्यांची वही साठू दिली होती आणि चतुर्थीच्या आधी दोन दिवस त्यांना फोन केला.

"काकू, समोरचा तो लॉगचा कागद पाठवा जरा."

"तो मेलो कागद? तो काढून टाकलंय मी."

"काढून टाकलात? का?"

"अरे, चवथीची साफसफाई नको? घर साफ केलंय, कॉम्प्युटर तेवढो घाण ठेवू? पडद्यार गणपतीचो फोटो लावलंय आणि तुझो कागद नेमको सोंडेर येऊन बसलो. दोनदा बाजूक केलंय, परत सोंडेर."

"काकू, त्यात दोन महिन्यांचं..."

"गणपतीपेक्षा मोठा आसा काय रे ता?"

नव्हतं. ऑफिसात सांगितलं तेव्हा सामंत पोट धरून हसले आणि मग म्हणाले, "दुसऱ्याच्या पडवीत आपलो पसारो कित्याक? आपल्या घरात आपली वही ठेव. कोणाच्या सोंडेर बसूक नको."

आपलं घर म्हणजे प्रोग्राम जिथं बसवला जातो ते फोल्डर. मला ते पटलं. तिथं गिऱ्हाईक सहसा फिरकत नाही, साफसफाईत कुणाचा हात लागणार नाही. शिवाय प्रोग्राममध्येच मी 'नोंद दाखवा' असं एक बटण दिलं. दाबलं की वही उघडते. त्यानंतरच्या प्रत्येक प्रोग्रामची वही मी त्याच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवली. काही वर्षं कसलीच तक्रार आली नाही. तक्रार आली नाही म्हणजे सगळं बरोबर आहे, असं मी धरून चाललो.

पुढे शाळांसाठी आम्ही एक प्रोग्राम केला. विद्यार्थ्यांचं जनरल रजिस्टर संगणकात भरायचं आणि बोनाफाईड, शाळा सोडल्याचा दाखला वगैरे छापायचं. हा प्रोग्राम मी ज्या शाळांत बसवला त्यात माझं स्वतःचं हायस्कूल होतं. तिथले लिपिक राऊळ भाऊसाहेब अजून नोकरीत होते.

या माणसाविषयी सांगितलं पाहिजे. मी बारावीत असताना शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख आली तरी मी अर्ज दिला नव्हता. आमच्या घरात अर्ज म्हणजे काय हेच कुणाला माहीत नव्हतं. राऊळ भाऊसाहेब शाळा सुटल्यावर सायकल मारत आमच्या खळ्यात येऊन उभे राहिले. "रे महेश, उत्पन्नाचो दाखलो खंय आसा?" नाही म्हटल्यावर माझ्या वडलांना घेऊन तलाठ्याकडे गेले. मग आमच्या पडवीत बसून त्यांनी अर्ज भरला आणि मला नुसती सही करायला लावली. त्या शिष्यवृत्तीवर मी कुडाळच्या कॉलेजात गेलो. माझ्यासारखी किमान दोन पिढ्यांतली पोरं त्यांनी अशी सायकलवरून कॉलेजात पोचवली असतील.

त्यांना प्रोग्राम शिकवायला गेलो तेव्हा मला काय धन्यता वाटली ते सांगता येत नाही. ते वहीत टाचणं काढत होते. मी म्हटलं, "भाऊसाहेब, आता दाखला देताना रजिस्टर उघडायची गरज नाही. एकदा बरोबर भरलं की संगणकातून थेट छापायचं."

"उघडलंय तर काय बिघडतला?"

"बिघडणार नाही, पण वेळ जाईल."

"बरा. तू सांगतस म्हणजे असात." त्यांनी तेही टाचणात लिहून घेतलं.

कार्यालयातल्या त्या एका संगणकावर दोन लॉगिन होती, म्हणजे उघडण्याची दोन नावं. एक 'कार्यालय', ते भाऊसाहेबांचं. दुसरं 'मुख्याध्यापक', ते देसाई बाईंचं. बाई सहसा संगणकाला हात लावत नसत. विद्यार्थ्यांची माहिती मात्र दोघांनाही सामाईक होती. ती मी वेगळ्या ठिकाणी ठेवली होती.

दोन वर्षांनी, जूनच्या अखेरीला, मला शाळेतून बोलावणं आलं. मी पोचलो तर कार्यालयात परबवाडीतले संतोष परब टेबलावर हात आपटत होते. त्यांची मुलगी समृद्धी बारावी झाली होती. तिला नर्सिंगला प्रवेश हवा होता आणि त्याला सतरा वर्षं पूर्ण असावी लागतात. शाळेने दिलेल्या दाखल्यावर तिचं वय एक वर्षाने कमी पडलं होतं. तिला प्रवेशाच्या रांगेतून परत पाठवलं होतं.

"भाऊसाहेबांनू, तुमच्या भावान आमची पाणंद अडवल्यान, ता आमी सोसला. आता चेडवाची वाट तुमी अडवलात?"

"संतोष, अरे चेडू तुझा तसा माझा. माझ्या हातसून असा कसा होतला?"

"दाखल्यार सही कोणाची? टाइप कोणी केला?"

राऊळ आणि परब यांच्यात पाणंदीच्या वाटेवरून जुनी कुरबुर होती, ती साऱ्या गावाला माहीत. त्यामुळे परबांचं म्हणणं लगेच सगळ्यांना खरं वाटलं. मुलीचं काम तसं अडलं नाही. कागदी रजिस्टरात तारीख बरोबर होती, त्यावरून नवा दाखला झाला आणि पुढच्या यादीत तिला प्रवेशही मिळाला. पण एक गोष्ट उरलीच. आदल्या वर्षी ह्याच संगणकातून निघालेल्या तिच्या बोनाफाईडवर तारीख बरोबर होती. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी ती बदलली होती. परबांनी संस्थेकडे लेखी तक्रार केली, राऊळ यांनी द्वेषाने दाखल्यात फेरफार केला म्हणून. संस्थेने तीन जणांची चौकशी समिती नेमली. त्यात देसाई बाईही होत्या. भाऊसाहेबांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. फेरफार सिद्ध झाला तर तो शेरा त्यांच्या सेवापुस्तकात बसणार होता. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या जन्मतारखा सांभाळल्या, त्याच्या नावापुढे जन्मतारीख बदलल्याचा शेरा.

समितीने मला विचारलं, प्रोग्राममध्ये कुणी काय बदललं याची नोंद असते ना? असते, मी अभिमानाने म्हटलं. भाऊसाहेबांनी आपल्या लॉगिनने संगणक उघडून दिला, मी 'नोंद दाखवा' दाबलं आणि सगळ्यांसमोर वही वाचली. तीत जन्मतारीख बदलल्याची ओळच नव्हती. दाखला छापल्याची होती. आणि त्या वर्षभरात प्रोग्राम उघडणारा एकच होता, 'कार्यालय'.

समितीने ते लेखी मागितलं. मी लेटरहेडवर लिहून दिलं, की तारीख बदलल्याची नोंद आढळली नाही, मात्र सदर काळात प्रोग्राम केवळ श्री. राऊळ यांच्याच लॉगिनने वापरल्याचे दिसते. प्रत्येक शब्द मला खरा वाटत होता. ओळखीच्या माणसाला झुकतं माप दिलं नाही, याचं मनातून समाधानही होतं. समितीने त्यातून काढलेला अर्थ मात्र सरळ होता. वापरणारा एकटाच आणि बदलाची ओळ नाही, म्हणजे बदलणाऱ्यानेच ती पुसली.

निघताना भाऊसाहेब व्हरांड्यात भेटले. म्हणाले, "चाय घेतलंस?" मी म्हटलं, घेतला. मी घेतला नव्हता.

पुढचे दीड महिने मी कामात डोकं घातलं. ऑगस्टमध्ये मालवणातल्या एका वाचनालयाचं काम आलं. त्यांच्याकडे सगळे संगणक लिनक्सचे. शाळेच्याच प्रोग्रामचा सांगाडा वापरून मी पुस्तकांचा प्रोग्राम केला, तिथं बसवला, उघडला, आणि तो दारातच थांबला. कारण विचारलं तर उत्तर आलं, लिहायची परवानगी नाही. पाहिलं तर प्रोग्राम सवयीप्रमाणे स्वतःच्या फोल्डरात वही उघडायला गेला होता आणि लिनक्सने त्याला अडवलं होतं. प्रोग्राम जिथं बसवतात ती जागा साऱ्या संगणकाची असते. तिथं साध्या वापरणाऱ्याने लिहायचं नसतं.

नियम रास्त होता. मी परत येताना बसमध्ये तोच विचार करत होतो आणि कट्टा गावाच्या आसपास एकदम माझ्या लक्षात आलं. हाच नियम विंडोजलाही आहे. बरीच वर्षं आहे. मग इतक्या वर्षांत विंडोजने मला एकदाही का अडवलं नाही?

ऑफिसात येऊन शोधलं. विंडोजचा स्वभाव लिनक्ससारखा तोंडावर नाही म्हणायचा नाही. जुने प्रोग्राम एकदम मोडू नयेत म्हणून त्यांच्यासाठी त्याने एक भिडस्तपणाची सोय केलेली असते. असा प्रोग्राम बंद जागेत लिहायला गेला की विंडोज म्हणतो, हो, लिहिलं. आणि ती फाइल गुपचूप त्या वापरणाऱ्याच्या स्वतःच्या एका लपवलेल्या फोल्डरात ठेवतो. पुढे प्रोग्रामने वही वाचायला मागितली की त्याच माणसाची प्रत काढून देतो. प्रोग्रामला वाटतं, वही आपल्या घरात आहे. प्रत्यक्षात जितकी लॉगिन तितक्या वह्या, नाव सगळ्यांचं एकच, आणि एकाला दुसऱ्याची दिसत नाही. आमचा प्रोग्राम जुन्या पद्धतीने बांधलेला होता, म्हणून तो या सोयीत बसला.

म्हणजे भाऊसाहेबांच्या लॉगिनमधून मी भाऊसाहेबांचीच वही वाचली होती. तीत दुसऱ्या कुणाचं नाव असणं शक्यच नव्हतं. आणि तेवढ्यावर मी सही करून दिलं होतं.

सामंतांना सगळं सांगितलं.

"म्हणजे आपल्या कंपनीचो दोष आपणच लेखी देतलो?"

"हो."

"समिती कधी बसता?"

"परवा, शनिवारी. निकाल द्यायला."

"मगे बसलंस कित्याक? माझी गाडी घेऊन जा. तुझ्या त्या फटफटीचा काय खरा नाय."

गुरुवारी दुपारी मी शाळेत पोचलो. बाईंना म्हटलं, मला तुमच्या लॉगिनने एकदा संगणक उघडून द्या. त्या म्हणाल्या, "माझ्या? अहो, मी कुठे तो प्रोग्राम उघडते!" त्या खोटं बोलत नव्हत्या. पासवर्ड आठवायलाच त्यांना पाच मिनिटं लागली. भाऊसाहेब आपल्या खुर्चीवरून उठून बाजूला उभे राहिले. मी लपवलेली फोल्डरं दिसतील अशी व्यवस्था केली आणि दोन-तीन पायऱ्या आत गेलो. तिथं आमची वही होती. एकाच दिवसाची. फेब्रुवारीतल्या एका दुपारी सोळा विद्यार्थ्यांच्या माहितीत बदल, आणि त्यातली नववी ओळ समृद्धी परबच्या क्रमांकाची. जन्मतारीख बदलली.

मग भाऊसाहेबांनी तारीख बघितली आणि हळूच म्हणाले, "हा तर जत्रेचा दिवस. मी रजेवर होतो. आंगणेवाडीला."

बाईंनी चष्मा काढला. "मुलींच्या शिष्यवृत्तीची यादी," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी पाठवायची होती. तुम्ही नव्हता म्हणून मीच बसले. यादीत चुका होत्या त्या दुरुस्त केल्या, एकामागून एक. अकरावीतल्या समृद्धी परबची तारीख चुकीची होती." त्यांनी पडद्यावरच्या नवव्या ओळीवर बोट ठेवलं. "मी बारावीतली उघडली."

परबवाडीत सगळेच परब. त्यात निम्मे संतोष. तर समृद्धी संतोष परब या नावाच्या दोन मुली एका वर्षाच्या अंतराने शाळेत होत्या. मी प्रोग्राममध्ये नावाने शोधायची सोय दिली होती आणि शोधल्यावर नुसतं नावच दिसायचं, इयत्ता दिसत नव्हती. भाऊसाहेब कधी नावाने शोधत नसत, रजिस्टर क्रमांकाने शोधत. ती अक्कल त्यांच्या डोक्यात होती, माझ्या प्रोग्राममध्ये नव्हती. आम्ही लगेच ती दुसरी, तेव्हा अकरावीत असलेली समृद्धी काढून बघितली. तिची चुकीची तारीख अजून चुकीचीच होती.

"राऊळ," बाई म्हणाल्या, "मी समितीत बसलेय. तुमच्यासमोर बसून मी तुम्हाला प्रश्न विचारले."

"बाई, त्या दिवशी मी रजा घेतली म्हणून तुमच्यावर वेळ आली."

"असं नका बोलू हो."

"खरंच सांगतो. आणि परबांत समृद्धी किती ते मलाही रजिस्टर बघितल्याशिवाय कळत नाही. जूनमध्ये दाखला छापताना मी रजिस्टर बघितलं नाही, ही चूक माझीच."

ती चूक कुणामुळे झाली ते मला माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शनिवारी काय झालं ते सांगून टाकतो. बाईंनी समितीपुढे स्वतः उभं राहून सांगितलं आणि चौकशी तिथंच मिटली. त्याच संध्याकाळी त्या परबवाडीत जाऊन आल्या. सोमवारी संतोष परब कार्यालयाच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "भाऊसाहेबांनू, माका काय बोलूक येणा नाय." भाऊसाहेब म्हणाले, "मगे बस आणि चाय घी." पाणंदीचं भांडण मात्र आहे तसंच आहे, असं ऐकतो.

आणि वहीचं काय केलं तेही सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत एखादा माझ्या धंद्यातला असेल. प्रत्येक संगणकप्रणालीने अशा वहीसाठी एक जागा ठरवून दिलेली असते. विंडोजमध्ये ती वापरणाऱ्याच्या 'अ‍ॅपडेटा'मधल्या 'लोकल' फोल्डरात, मॅकवर त्याच्या 'लायब्ररी'तल्या 'लॉग्ज'मध्ये, लिनक्सवर त्याच्या घरच्या फोल्डरातल्या 'स्टेट' नावाच्या कोपऱ्यात. जागा आपण मनाने ठरवायची नाही, प्रणालीलाच विचारायची. वही वाढत वाढत संगणक भरणार नाही इतपत तिला मर्यादा घालायची. मुलांची नावं, पत्ते तीत लिहायचे नाहीत, नुसता क्रमांक पुरतो. वही कुणाची आणि कुठे आहे ते गिऱ्हाइकाला एका बटणात दिसलं पाहिजे. पण सर्वांत मोठी गोष्ट मला फार उशिरा कळली. प्रोग्राम कुठे अडला ही नोंद वेगळी आणि कुणी कुणाची जन्मतारीख बदलली ही नोंद वेगळी. पहिली आमच्या दुरुस्तीसाठी असते, ती ज्याच्या त्याच्या फोल्डरात राहिली तरी चालते. दुसरी त्या माहितीचाच भाग आहे. ती माहितीच्या शेजारीच राहिली पाहिजे, म्हणजे कुठल्याही लॉगिनने उघडलं तरी सगळ्यांना सारखीच दिसेल. मी दोन्ही एका वहीत कोंबल्या होत्या. पुढच्या तीन महिन्यांत मी सगळ्या शाळांत फिरून हे बदललं. नावाशेजारी इयत्ता आणि रजिस्टर क्रमांकही दिसू लागला. सामंतांनी एकाही शाळेकडे त्याचं बिल पाठवलं नाही.

पण मला शेवटी लिहायचं आहे ते त्या गुरुवारचं. बाई वर्गावर गेल्या. कार्यालयात आम्ही दोघंच उरलो. मी म्हटलं, "भाऊसाहेब, मला माझं पहिलं पत्र मागे घ्यायचंय. आत्ताच लिहून देतो." मी कागद ओढला आणि लिहायला लागलो. पहिल्याच ओळीत अत्यंत दिलगीर आहे असं लिहिलं. ते माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"दिलगीर काढ. कार्यालयीन पत्रात असला लिवणत नाय."

"पण भाऊसाहेब, मी आहे ना दिलगीर."

"ता माका ठाऊक आसा. समितीक कित्याक? लिव, सदर पत्रातील निष्कर्ष अपुऱ्या तपासणीवर आधारित असल्याने ते याद्वारे मागे घेण्यात येत आहे." मी लिहिलं. "अपुऱ्या तपासणीवर. ताच खरा आसा. तू खोटा काय लिवलंस नाय, महेश. जा बगलंस ताच लिवलंस. पण एकाच दारातसून बगलंस."

मी मान खाली घालून लिहीत राहिलो. पत्र त्यांनी सांगितलं आणि मी उतरवलं, बारावीत अर्ज भरला तेव्हाही नुसती सहीच माझी होती. वर संदर्भ घालायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "पयल्या पत्राचो आवक क्रमांक लागतलो," आणि कपाटातून आवक रजिस्टर काढून त्यांनी माझ्यासमोर पालथं-सुलटं करत मागची पानं उघडली.

शाळेत येणारा प्रत्येक कागद त्यात चढवायचं काम त्यांचंच. जुलैच्या पानावर माझं पत्र होतं. वर एक वीजमंडळाची नोटीस, खाली क्रीडास्पर्धेचं परिपत्रक आणि मधे त्यांच्याच अक्षरात, वरच्या-खालच्या ओळींइतकंच ठसठशीत आणि सरळ: कुडाळच्या कंपनीकडून, विषय, लिपिक श्री. राऊळ यांच्या संगणक वापराबाबत. आल्याची तारीख होती. कोणत्या फाइलीत लावलं तेही होतं. पुढे त्यांची सही होती.

मी त्या ओळीवरून नजर काढू शकलो नाही. त्यांनी तो क्रमांक शांतपणे माझ्या कागदाच्या डोक्यावर लिहिला, मग चालू पान उघडून नवी ओळ आखली आणि पेन माझ्याकडे दिलं.

"सही कर रे," ते म्हणाले. "माका चढवूचा आसा."